आमची वाटचाल : वळणाच्या पलीकडची उतरण

माउंटन बाइकच्या सस्पेन्शनची, म्हणजे धक्के शोषून घेणाऱ्या यंत्रणेची, देखभाल आणि दुरुस्ती करणारी आमची कार्यशाळा सुरू होऊन आता ११ वर्षे झाली. स्पर्धा सोडल्यावर हेच काम का निवडले, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर हिवाळ्यातल्या एका सकाळच्या रपेटीत असल्यामुळे मी सुरुवात तिथूनच करतो.

त्याआधी ९ वर्षे मी माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटांवरील, शर्यतींत उतरत होतो. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराला प्रथमच स्थान मिळाले आणि आमच्या पिढीने त्याकडे पाहिले ते ऑलिम्पिक खेळ म्हणूनच. स्पर्धा सोडण्यामागे मोठी दुखापत नव्हती. शेवटच्या मोसमातील एका शर्यतीत माझ्याहून वयाने बराच लहान असलेला स्पर्धक मला चढावर मागे टाकून गेला, तेव्हा मला राग आला नाही. त्याच्या पायांची लय किती सुंदर आहे, एवढेच मनात आले. तो राग एकदा ओसरला, की शरीर कितीही तयार असले तरी माणूस स्पर्धक उरत नाही, असे माझे मत आहे. मोसम पूर्ण केला आणि थांबलो.

कठोर सराव बंद केल्यावर ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता काही आठवड्यांतच मोजता येण्याइतकी घटते, हे मला ठाऊक होते आणि त्याची मनाची तयारीही होती. तयारी नव्हती ती सकाळी उठल्यावर आज काय करायचे, हे कोणीच लिहून ठेवलेले नसण्याची. दोन महिने बाइक भिंतीला टेकून उभी होती. मग एका गोठवणाऱ्या सकाळी ती घेऊन मी सरावाच्या जुन्याच चढाकडे निघालो, कारण दुसरा रस्ता सुचला नाही.

त्या चढावर मी शेकडो वेळा गेलो होतो: चार मिनिटे पूर्ण जोर, वरच्या वळणाशी पोहोचताच मागे फिरून खाली, आणि पुन्हा तेच. त्या दिवशी वळणाशी आलो, पण मागे फिरण्याचे कारणच नव्हते. ९ वर्षांत पहिल्यांदा मी वळणाच्या पलीकडे गेलो. पलीकडे झाडांच्या मुळांनी भरलेली अरुंद उतरण होती. सावलीतली माती दगडासारखी घट्ट होती, तर ऊन पोहोचले होते तिथे तीच माती वितळून टायरला चिकटत होती. पहिल्याच मुळांवरून उतरताना जाणवले, की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या धक्के शोषणाऱ्या नळ्या, दाबला गेल्यावर वेळेत वर येत नाही आणि प्रत्येक धक्क्यागणिक थोडा खालीच राहतो.

शर्यतींच्या दिवसांत मी एवढेच म्हटले असते, ‘बाइक नीट चालत नाही,’ आणि ती संघाच्या मेकॅनिककडे सोपवून विश्रांतीला गेलो असतो. आता तिथे मीच होतो. थांबलो, हातमोजे काढले, फोर्क दाबून पाहिला. थंडीत डॅम्परमधले, म्हणजे फोर्कची हालचाल आवरणाऱ्या भागातले, तेल दाट होते, त्यामुळे फोर्क परतण्याचा वेग मंदावतो. हवेचा दाबही उतरतो. घरात २० अंश तापमानाला ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेली फोर्कमधली हवा शून्य अंशांत ७४ पीएसआयच्या आसपास येते, आणि २५ पीएसआयचा टायर साधारण २२ वर. रिबाउंडचा, म्हणजे फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणारा, खटका दोन घरे सैल केला, पुन्हा वर चालत गेलो आणि तीच उतरण परत उतरलो. मग आणखी एक घर सैल करून तिसऱ्यांदा. बोटे बधिर झाली होती, तरी घरी जावेसे वाटत नव्हते. कोणाच्याही पुढे जायचे नसताना मी इतका मन लावून बाइक चालवतो आहे, याचे मला फार आश्चर्य वाटले.

पुढच्या हिवाळ्यापूर्वी मी संघातल्या त्याच अनुभवी मेकॅनिकना भेटलो, त्यांच्या हाताखाली काम शिकलो, आणि नंतर आम्ही दोघांनी मिळून एका खोलीत कार्यशाळा उघडली. या खेळात स्पर्धा आणि दुरुस्ती पहिल्यापासून शेजारी नांदतात, हेही त्यांनीच मला समजावले. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ साली ज्या उतारावर पहिल्या शर्यती झाल्या, त्याला ‘रीपॅक’ म्हणत. कारण एका उतरणीत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. तिथल्या शर्यतींत उतरणारे जो ब्रीझ पुढे स्वतः माउंटन बाइकच्या फ्रेम बांधू लागले, तर गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली या बाइकचा व्यवसाय सुरू केला.

तरीही पहिली दोन वर्षे मी कार्यशाळा शर्यतीसारखीच चालवली. आठवड्यात किती फोर्क पूर्ण झाले, याचे आकडे फळ्यावर लिहीत असे आणि मागच्या आठवड्याचा आकडा ओलांडल्याशिवाय मला समाधान नसे. त्या घाईत एका फोर्कमध्ये खालच्या नळ्यांचे तेल न मोजता भरले गेले. सुदैवाने ग्राहकाला इजा झाली नाही, पण फोर्क आत घासून खराब झाला. भागीदारांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. माझ्यासमोर तो पूर्ण उघडला आणि टेबलावर मांडून ठेवला. तो फळा मी त्याच दिवशी उतरवला. आज आम्ही चौघे आहोत, प्रत्येक बाइकची स्वतंत्र नोंदवही आहे, आणि आमच्यापैकी कोणी चालवून पाहिल्याशिवाय बाइक परत दिली जात नाही.

हिवाळा हा शर्यतींचा विसाव्याचा काळ, आणि आमचा सर्वाधिक कामाचा. वापराच्या सुमारे ५० तासांनंतर फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून स्वच्छ कराव्यात, असे बहुतेक उत्पादक सांगतात; मोसमात ते कोणी करत नाही आणि सगळे एकदमच येतात. त्यांच्यात काही जण दरवर्षी असे असतात, ज्यांनी स्पर्धा सोडल्यापासून बाइकला हातच लावलेला नसतो. सील कोरडे पडलेले असतात, टायरमधला सीलंट (छिद्रे बुजवणारा द्रव) सुकून पापुद्रे झालेला असतो. हे लोक बहुधा विक्रीची किंमत विचारायला येतात. मी किंमत सांगतो, पण त्याआधी बाइक दुरुस्त करून घ्यावी आणि एकदा चालवून पाहावी, असा आग्रह धरतो. व्यवसायाच्या हिशेबात तो बसत नसला तरी धरतो. वेळ असेल तर त्यांच्याबरोबर मीही जातो. त्या चढावरच्या वळणाशी पोहोचलो, की अनेक जण सवयीने ब्रेक दाबतात आणि मागे फिरू लागतात, तेव्हा मी पुढे होऊन त्यांना उतरणीची वाट दाखवतो.