संकष्टीचं तीथल, एकादशीचं तीथल

बडोद्याच्या पोरांना पाणी म्हणजे सूरसागर, आजवा, आणि विश्वामित्रीच्या पुलावरून दिसणाऱ्या मगरी. म्हणून समुद्राला जायचं ठरलं तेव्हा आमच्या पाच वर्षांच्या लेकीने पहिला प्रश्न विचारला, "तिथे मगर असते का?" नाही म्हटल्यावरच तिने बादली-फावडं पिशवीत टाकलं. धाकटा अजून दोन वर्षांचाही नाही. सोबत मकरपुऱ्याच्या नणंदेचा आठ वर्षांचा मुलगा, आणि सासूबाई. त्या मूळच्या देवगडच्या. लग्न होऊन दांडिया बाजारात आल्याला त्यांना चाळीस वर्षं झाली, पण समुद्राचा विषय निघाला की आवाज लगेच माहेरचा होतो.

एका दिवसात जाऊन यायचं तर बडोद्याहून पर्याय फार नाहीत. द्वारकेजवळचं शिवराजपूर आणि दीवचं घोघला या दोन्ही किनाऱ्यांना 2020 साली ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. पाणी स्वच्छ, सोयी चांगल्या, पण दोन्ही सौराष्ट्राच्या पार टोकाला. तिकडे दोन मुक्काम तरी हवेत. सगळ्यात जवळचं म्हणजे जंबुसरजवळचं कावी-कंबोई. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं. दर्शनाला जरूर जावं, पण तो खंभातच्या आखाताचा चिखलाचा काठ आहे, वाळूत खेळायची जागा नाही. डुमसला सुरतेची गर्दी आणि टोमॅटोची भजी. भजी उत्तम, पण तापीच्या मुखाशी असल्यामुळे तिथेही गाळच. दांडीला मोठ्या मुलांना मुद्दाम न्यावं. 6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी जिथे मीठ उचललं, तिथे 2019 पासून मिठाच्या सत्याग्रहाचं मोठं स्मारक आहे. ते मन लावून बघायचं तर मूल सात-आठ वर्षांचं हवं. दमणमध्ये देवका खडकाळ आहे. जंपोर छान आहे, वाळू सपाट आणि मागे सुरूची झाडं, पण सुट्टीच्या दिवशी दमणला दारूसाठी किती गर्दी होते हे दारूबंदीच्या गुजरातेत राहणाऱ्यांना सांगायला नको. राहिलं वलसाडजवळचं तीथल. बडोद्याहून सुमारे 200 किलोमीटर, रस्ता सरळ, आणि मुलांना कंटाळा आलाच तर वलसाड स्टेशनपर्यंत रेल्वेनेही जाता येतं.

एवढा विचार केला आणि वाटलं, झालं, किनारा निवडला. पण कधी पोचायचं याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता, आणि तिथेच फसलो.

डिसेंबरातला शनिवार, संकष्टी. सासूबाईंचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू डब्यात. सहाला निघून साडेदहाला तीथलला पोचलो. समोर समुद्रच नाही! काळसर ओल्या वाळूचं मैदान, आणि पार क्षितिजापाशी एक चकाकती रेघ. लेक रडवेली झाली, "पाणी कुठे गेलं?" मग आम्ही चालत निघालो. वाटेत एक खोलगट पट्टा होता, त्यात घोट्याएवढंही पाणी नव्हतं. तो ओलांडून पुढे गेलो आणि पाण्याजवळ चटई टाकली. मुलं खेळायला लागली. दोन तास कसे गेले कळलं नाही.

साडेबाराच्या सुमारास घोडेवाल्याची हाक आली, "बेन, पाणी आवे छे, छोकरांने लई लो!" मी समोर पाहिलं. लाटा अजून शांत होत्या, मला घाबरण्यासारखं काही दिसेना. सासूबाईंनी मात्र मागे पाहिलं. तो खोलगट पट्टा आमच्या पाठीशी भरत आला होता. समोरून येण्याआधी पाणी कडेने आत शिरलं होतं. मी धाकट्याला खांद्यावर घेतलं, ह्यांनी लेकीला उचललं, भाच्याचा हात सासूबाईंनी धरला. पट्ट्यात मला गुडघ्याच्या खाली पाणी होतं. लेकीला ते कमरेपर्यंत आलं असतं. आमचे दोन जोड चप्पल गेले, बाकी काही नाही. पण कोरड्या वाळूवर आलो तर ती इतकी तापलेली की अनवाणी मुलं पाय टेकवेनात. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही.

रात्री मुलं झोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझीच चूक. मी तिथी मोजायला हवी होती."

देवगडला त्यांच्या लहानपणी भरती बघायला तक्ता नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाउणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, तर साधारण सहा तास आधी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. त्यांना पाउणकी अजून तोंडपाठ आहे. मी मोबाइलवर वलसाडचं भरतीचं कोष्टक काढलं आणि दोन्ही ताडून पाहिलं. पाऊणपटीचा हिशेब बरोबर होता, पण आपल्याकडे भरती त्याहून तासाभराने, कधी थोडी जास्तच उशिरा येते. भरती कोकणाकडून वर सरकत येते, आणि आखातात जितकं आत जावं तितका उशीर वाढतो.

शिवाय आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, म्हणून पाणी चढतंही जास्त. देवगडला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक, मुंबईला उधाणाच्या दिवशी साडेचारच्या आसपास, आणि भावनगरला दहाच्या वर. तीथल मुंबई आणि भावनगरच्या मध्ये येतं. किनारा इतका सपाट की पाणी मीटरभर चढलं तरी आडवं किती आत येईल याचा अंदाज बांधता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती. आमची संकष्टी पौर्णिमेनंतरची चौथी तिथी, म्हणजे उधाणाचा जोर अजून ओसरायचा होता.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. पहिले दोन तास समुद्र जागचा हललाच नाही असं वाटतं आणि पुढच्या दोन तासांत निम्मा चढ होऊन जातो. आम्ही नेमके त्या दोन तासांच्या तोंडाशी तिथे निवांत बसलो होतो.

म्हणून जानेवारीत पुन्हा जायचं ठरलं तेव्हा आधी कालनिर्णय भिंतीवरून उतरवला. लहान मुलांना पाणी जवळ हवं, पण ते दूर जाणारं हवं. भरती पूर्ण होऊन तास-दीड तास उलटला की वाळू ओली आणि थंड असते, उथळ डबकी मागे राहतात, आणि पाणी तुमच्या पाठीशी येत नाही. पूर्ण भरतीला तीथलला बसायला वाळूच उरत नाही, पाणी दगडी बांधाला लागतं. तेव्हा मुलांना ऊन लागायच्या आत, साडेनऊच्या सुमारास भरती पूर्ण होईल असा दिवस हवा होता. अकरा पाउणे सव्वाआठ, अधिक तासभर आणि वर थोडं. एकादशी. तीही रविवारी आलेली. सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा माझा उपास," आणि पुन्हा साबुदाणे भिजत घातले.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. पोचलो तेव्हा पाणी बांधाशी होतं. साईबाबांच्या मंदिरात जाऊन आलो, मुलांनी गाडीतली भाकरवडी संपवली, ह्यांनी दोनदा चहा घेतला. मी वाळूवर न जाता काठाने फिरून बाकीच्या गोष्टी बघितल्या, कारण मागच्या वेळी तेही केलं नव्हतं: सावली कुठे आहे, संडास उघडा आणि वापरण्यासारखा आहे का, गोड्या पाण्याची अंघोळ कुठे मिळते. धाकट्यासाठी पाण्याचा पाच लिटरचा कॅन घरूनच आणला होता. तिघांनाही नारिंगी सदरे घातले. निळा किंवा राखाडी कपडा त्या मातकट पाण्यात दिसत नाही. लेकीच्या आणि भाच्याच्या मनगटावर पेनाने माझा मोबाइल नंबर लिहिला. आणि एका पोरामागे एक मोठं माणूस, हात पोचेल एवढ्या अंतरावर, पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंतच. ज्याच्याकडे मूल, त्याच्या हातात मोबाइल नाही. ही अट ह्यांना सगळ्यात जड गेली, पण त्यांनी ती पाळली.

अकराला उतरलो. पाणी पन्नास-साठ पावलांवर होतं आणि हळूहळू मागे सरकत होतं. तोच खोलगट पट्टा आता कोमट पाण्याचं लांबट डबकं झाला होता, धाकट्याच्या पोटरीएवढं खोल, लाट नाही. तो त्यात बसला आणि दोन्ही हातांनी पाणी थापटत राहिला. सासूबाई त्याच्या शेजारी लुगडं खोचून उकिडव्या बसल्या. भाच्याने खेकड्यांची बिळं मोजायला घेतली. लेक थोडा वेळ माझा हात सोडेना. मागची वेळ तिच्या लक्षात होती. मी तिला समोर एक काडी रोवून दाखवली, "पाणी इथे आहे. थोड्या वेळाने बघू." पाच-दहा मिनिटांनी काडीच्या पलीकडे दोन हात कोरडी वाळू होती. तिने काडी उपटून पुढे रोवली. मग पुन्हा. पुढचा तासभर तिने दुसरं काही केलं नाही, काडी घेऊन समुद्राला मागे ढकलत राहिली.

एकला वाळू तापायला लागली तशी आवरलं. ओल्या पायांना टाल्कम पावडर चोळली की वाळू झटकन सुटते, हे मला नणंदेने सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. अंघोळी, खिचडी, आणि भरूच यायच्या आत तिघं झोपलेली.

परवा लेक कालनिर्णय घेऊन आजीच्या मांडीवर बसली होती. आजी म्हणवून घेत होती, "एक पाउणे पाऊण, दोन पाउणे दीड..." तिला "तीन पाउणे सव्वादोन" पर्यंत येतं. अकरापर्यंत पोचायला अजून वेळ आहे, पण फेब्रुवारीतली एकादशी तिने खडूने गोल करून ठेवली आहे.