नऊ एकांचा वर्ग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा सर्वप्रथम आठवली ती एक संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१. आठवीच्या वर्गात गणिताच्या सरांनी ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१ अशी उतरंड फळ्यावर मांडत नेली आणि नऊ एकांच्या वर्गापाशी ही सतरा अंकी संख्या लिहून खडू खाली ठेवला. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो, म्हणजे परार्धाच्या एकच स्थान अलीकडे, हे त्यांनी सांगितले तेव्हा परार्ध हा केवळ बोलण्यातला शब्द नसून मोजता येणारी जागा आहे, हे मला प्रथमच कळले.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव द. रा. कापरेकर यांनी तेव्हाच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील डेम्लो या स्थानकावरून दिले. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवीत असत. शाळामास्तरांनी शोधलेले गणित आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच आहे, हे सांगताना सरांचा आवाज बदलत असे.

दहा एकांच्या वर्गात मधोमध दहा येईल, असे मी उत्साहाने सांगितले. सरांनी चूक म्हटले नाही. मला फळ्यापाशी बोलावून पूर्ण गुणाकार मांडायला लावला. प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकत गेली की उभ्या रकान्यांत एकांची संख्या एकपासून चढत जाते आणि पुन्हा एकपर्यंत उतरते. नऊ ओळी असतील तोवर कोणत्याच रकान्याची बेरीज एका अंकाच्या पुढे जात नाही, म्हणून ती चढण-उतरण उत्तरात जशीच्या तशी दिसते. दहाव्या ओळीबरोबर मात्र मधला रकाना दहाचा होतो, त्याचा हातचा शेजारच्या नवाला दहा करतो, तिथला हातचा आठाचा नऊ करतो, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला कुठे, हे त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला सांगता येत होते. आकृतिबंध दिसणे आणि तो कुठवर टिकेल हे जाणणे यांतले अंतर मला त्या हातच्याने शिकवले.

नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला पूर्ण भागही जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग असतो. त्याच १२३४५६७९ ला ९९९९९९९९९ ने गुणले तरी आपली संख्या परत मिळते, आणि त्यासाठी गुणाकार करण्याचीही गरज नाही : १२३४५६७९ च्या पुढे नऊ शून्ये मांडून त्यातून १२३४५६७९ वजा केले की झाले. हे मला आजही सर्वांत सुंदर वाटते.

अवयव पाडताना १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७ एवढे मिळाले, म्हणून वर्गाचे विभाजक पंचेचाळीस. पण ३३३६६७ मूळ संख्या आहे हे सरांनी नुसते सांगून सोडले नाही. तिचे वर्गमूळ ५७७ हून किंचित मोठे, तेव्हा ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहा, असे ते म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या बाकावरचा मित्र आमच्या ओट्यावर बसून, पाठकोऱ्या कागदांवर, ते सारे भागाकार करीत राहिलो. शेवटचा ५७७ चा होता. बाकी १६१ उरली, आणि आम्ही दोघे तसेच उठून सरांच्या घरी गेलो.