पुण्यात नोकरी लागली? आधी स्टेशन ठरवा, मग घर

पुण्यात नोकरी मिळाली की बहुतेक जण ऑफिसजवळची भाडी बघून दचकतात, लांबचा स्वस्त फ्लॅट धरतात आणि महिन्याभरात टू-व्हीलर घेतात. ऑफिस शिवाजीनगर, बंड गार्डन, येरवडा, कल्याणीनगर या पट्ट्यात असेल, तर माझं ठाम मत आहे की आधी मेट्रो स्टेशन निवडावं. कोथरूडच्या आनंदनगरहून कल्याणीनगरला गाडी न बदलता जाता येतं. दापोडी-कासारवाडीकडून तिथे येणाऱ्यांना सिव्हिल कोर्टला (स्टेशनचं आताचं नाव जिल्हा न्यायालय) बदलावी लागते. हिंजवडीला जायचं असेल, तर कंपनीच्या बसचा पिकअप पॉइंट हेच तुमचं स्टेशन.

हिशेब कागदावर करा. समजा लांबचा वन बीएचके १४ हजारांना आहे आणि स्टेशनजवळचा १७ हजारांना. ऑफिस १२ किलोमीटरवर असेल तर २२ दिवसांत ५२८ किलोमीटर होतात, म्हणजे साधारण १२ लिटर पेट्रोल. मेट्रोचे रोज साठ-सत्तर रुपये धरले, तर पेट्रोल आणि तिकीट यांची जवळपास फिट्टंफाट होते. वाचतो तो गाडीचा हप्ता, विमा आणि सर्व्हिसिंग. त्यामुळे गाडी घ्यायचीच नसेल तर ३ हजार जास्त देणं परवडतं. गाडी आधीच दारात असेल तर पैशांत फारसा फायदा नाही, फायदा होतो तो वेळेचा आणि पावसाळ्यात न भिजण्याचा.

जवळ आणि स्वस्त हवं असेल तर बिनलिफ्टच्या जुन्या सोसायट्या बघा. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात तीन मजली इमारती भरपूर आहेत आणि तिसऱ्या मजल्याचं भाडं सहसा उतरतं. तो मजला गच्चीखालचा असतो, म्हणून छताला पापुद्रे, पिवळे डाग किंवा ओल आहे का ते बघा. नुकता एकाच खोलीला रंग दिलेला दिसला तर कारण विचारा. महापालिकेचं पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, लागत असेल तर त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का, हे मालकाला नको, वॉचमनला किंवा शेजारच्यांना विचारा. इस्त्रीवाले आणि किराणा दुकानदार यांना कुठला फ्लॅट रिकामा होतोय ते आधी कळतं. गेटवर ‘एजंट क्षमस्व’ अशी पाटी असेल तर एक महिन्याचं ब्रोकरेज वाचलं.

चालत जाण्याचं अंतर मोबाइलवर ७०० मीटर दिसलं तरी विश्वास ठेवू नका. नकाशा कधी सोसायटीच्या मागच्या गेटातून नेतो आणि त्या गेटला कुलूप असतं. सकाळी ऑफिसच्या वेळी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा स्वतः चालून बघा. पौड रोड किंवा कर्वे रोड ओलांडावा लागत असेल तर सिग्नल कुठे आहे, फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात का, गल्लीत दिवे आहेत का, हे बघा. रोज बारा मिनिटं चालणं जमतं, पण त्यातली चार रस्ता ओलांडण्यात जात असतील तर माणूस पंधरा दिवसांत रिक्षा करायला लागतो.

म्हणूनच गावाकडे बसून घर ठरवू नका. पहिला महिना कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन काढा. फ्लॅट बघायच्या आधीच टोकन किंवा ‘गेट पास’चे पैसे मागणारा, सैन्यात असल्याचं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा ‘मालक’ भेटला तर सरळ नंबर ब्लॉक करा.

घर पसंत पडलं की लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाड्याचा करार) नोंदवल्याशिवाय पूर्ण डिपॉझिट देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर तो घरबसल्या ऑनलाइन होतो. १७ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट आणि ११ महिने असं धरलं, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क पाच-सहाशेच्या आत बसतं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे मागतात त्यात बराचसा भाग एजंटच्या फीचा असतो, तिथे घासाघीस करा. ‘नोटरी पुरे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

करारात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिने आणि त्याआधी सोडलं तर किती पैसे जाणार. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारे पैसे) कोण भरणार. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि मुळात मालकाकडून घ्यायचे असतात. आणि रंगाचे पैसे: डिपॉझिटमधून सगळ्यात जास्त कापाकापी याच नावाखाली होते, म्हणून रक्कम आधीच ठरवा. चावी घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि मालकाकडून ग्राहक क्रमांक घेऊन मागची थकबाकी तपासा. भिंती, नळ आणि फरशांचे फोटो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारखेसकट नोंद राहते.