तुम्ही विचारलंत म्हणून : ते अकरा दिवस

“शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असताना तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला गेलात, त्यात मोलाचा वेळ वाया गेला नाही का?” असे मला ओळखीच्यांच्या ओळखीचे लोकही फोन करून विचारतात. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कोणाचा तरी अहवाल नुकताच आलेला असतो, म्हणून नीट सांगते.

अकरा दिवस गेले. स्तनातली अडीच सेंटिमीटरची गाठ कर्करोगाची आहे हे बायॉप्सीने सिद्ध झाले होते आणि पूर्ण स्तन काढावा, असा सल्ला मिळाला होता. गाठीच्या स्वरूपातल्या बहुतेक कर्करोगांत एक-दोन आठवडे थांबल्याने बिघडत नाही. तीव्र ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असेल किंवा गाठीचा दाब मज्जारज्जूवर येत असेल, तर मात्र थांबणे धोक्याचे. म्हणून “मी किती दिवस थांबू शकते?” हे मी पहिल्याच डॉक्टरांना विचारले. ते दुखावतील अशी मला धास्ती होती; त्यांनी मात्र शांतपणे सारांश लिहून दिला आणि कोणकोणत्या गोष्टी सोबत न्यायच्या तेही सांगितले.

दुसरे मत म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांनी तीच फाइल चाळून मान डोलावणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांनी आधी बायॉप्सीच्या स्लाइड्स (काचपट्टीवरचे पातळ काप) आणि ब्लॉक मागितले. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान अशा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा तुकडा. त्यात माझ्या गाठीचे दोऱ्यासारखे फिकट धागे दिसत होते. उन्हाने मेण वितळेल या भीतीने मी तो पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेला.

मूळ अहवालात ‘हर-टू : दोन प्लस’ अशी नोंद होती. हर-टू हे पेशींवरचे एक प्रथिन; काही स्तन-कर्करोगांत ते फार जास्त असते. दोन प्लस म्हणजे ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. त्याचा निकाल ‘फिश’ ही जनुकीय तपासणी लावते, आणि नेमकी तीच राहून गेली होती. त्याच ब्लॉकवर ती केली आणि निष्कर्ष पॉझिटिव्ह आला. त्यामुळे उपचारांचा क्रमच उलटला: आधी ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधासह केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया. गाठ इतकी आक्रसली की तेवढाच भाग काढून पुढे रेडिएशन देणे पुरेसे ठरले. योग्य रुग्ण निवडल्यास अशा शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान पूर्ण स्तन काढण्याइतकेच असते, हे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांत दिसले आहे.

सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही. माझ्या मावसबहिणीच्या दोन्ही अहवालांत तसूभरही फरक निघाला नाही. तिला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटले, मला तसे वाटत नाही.

उपचार मी पहिल्याच डॉक्टरांकडे घेतले. ब्लॉक मात्र आठवणीने परत आणून प्रयोगशाळेत जमा केला, कारण पुढे एखादी नवी तपासणी करायची वेळ आली तर तोच लागतो.