भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकं सुरू!

दिवाळी जवळ आली आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाटकांची पोस्टरं पडायला लागली. लाल-पिवळी, कडेनं कलाकारांचे फोटो, आणि खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावं, कारण आमच्याकडे ऑर्गनवर कोण बसणार हेही लोक बघतात.

बाहेरच्यांसाठी सांगतो, झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानाचा पट्टा. भाऊबीजेपासून होळीपर्यंत इथं नाटकांचा सीझन. कंपन्यांची ऑफिसं वडशाला, म्हणजे देसाईगंजला, गावातली पोरं मंडळ करून तिथं जातात, तारीख आणि पैसे ठरवतात, मग गावात तिकीट लावून खर्च काढतात. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, नाहीतर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्याच रात्री नाटक. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीला परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून पटाच्या नाटकांची चिंता मिटली.

धान कापून मोकळी झालेली बांधी हेच थिएटर. ताडपत्री अंथरली तरी खालची धसकटं टोचतात, थंडी असते, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे चादरी गुंडाळून बसलेले. दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकीची बोलणीही याच गडबडीत होतात. आणि कलाकार? इथला पडदा पडला की गाडीत सामान टाकायचं, गाडीतच झोपायचं, रात्री दुसऱ्या गावात पुन्हा तोंडाला रंग. सीझनभर हेच! कुरखेड्याकडचे झाडीपट्टीचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखं वाटलं, कारण त्यांच्या विनोदावर आमच्या बापाची पिढीही हसली आणि आम्हीपण.

पण यंदा बुकिंग करणाऱ्या मंडळांना एक मनापासून सांगायचंय. लावणी आणि रेकॉर्ड डान्स, म्हणजे रेकॉर्डवरच्या गाण्यांवरचे नाच, किती, हे विचारून नाटक ठरवू नका रे. गर्दी होते हे मान्य, तिकिटं खपली पाहिजेत हेही मान्य, पण डान्स वाढला की सीन कापले जातात आणि लेखकानं जीव ओतून लिहिलेला शेवटचा अंक पळवला जातो. खरं नाटक तर तिथंच असतं! शेतकऱ्याचं कर्ज, दारूनं मोडलेला संसार, पोरीचं शिक्षण, सगळं त्या शेवटच्या तासात येतं, तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत असतात आणि मागं उभी असलेली दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प होतात. हे मी दर सीझनला बघतो. म्हणून आधी कथा विचारा, लेखक कोण ते विचारा, मग नाच.

नागपूर-पुण्याला असलेल्यांनी यंदा यायचंच. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटीनं वडसा, गोंदिया-बल्लारशा लाईनवर रेल्वे स्टेशनही आहे. जाड चादर आणा, संध्याकाळी लवकर जेवा, दुसऱ्या दिवशीची सुट्टी आत्ताच टाका आणि मध्येच उठून जाऊ नका. आमच्या गावची तारीख मंडळाच्या मीटिंगनंतर ठरेल, ठरली की पोस्टर टाकतो.