ऑपरेशन की गोळ्या? माझ्या चॉकलेट सिस्टचा हिशोब

रिपोर्टवर "डावी ओव्हरी, ४.६ बाय ३.९ सेंमी, एंडोमेट्रिओमा" असं आलं आणि घरात सगळेच एकदम गायनॅक झाले. मावशी म्हणे, अगं एक लेकरू होऊ दे, आपोआप बरं होतं. शेजारच्या काकूंची गाठ म्हणे काढ्याने गेली. काकू खोटं बोलत नाहीत, पण त्यांची बहुतेक साधी पाण्याची गाठ असणार, ती पाळीच्या चक्रातच होते आणि बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत स्वतःच जाते, काढा घ्या नाहीतर ताक प्या. माझी चॉकलेट सिस्ट आहे, रिपोर्टमधला एंडोमेट्रिओमा म्हणजे हीच. गर्भपिशवीच्या आत असतं तसलं अस्तर ओव्हरीत वाढतं, पाळीला तिथेही रक्त येतं, बाहेर पडायला वाट नाही म्हणून साचून साचून घट्ट तपकिरी होतं, आणि ही सहसा आपली आपण जात नाही. आणि हो, पीसीओडी (हार्मोन बिघडून ओव्हरीत बारीक बारीक गाठी दिसतात ते) वेगळं! वजन कमी कर म्हणून सांगणाऱ्यांनी जरा थांबा.

तर गंगापूर रोडच्या डॉक्टर म्हणाल्या लगेच दुर्बिणीने काढून टाकू. कॉलेज रोडच्या म्हणाल्या घाई काय आहे, गोळ्या सुरू करू. मी आणि नवरा गाडीत बसून भांडलो, कोण खरं म्हणून. मग डोक्यात आलं की दोघींनी प्रश्नच वेगळे विचारले होते. पहिलीने विचारलं, दुखतं किती. दुसरीने विचारलं, मूल हवंय का आणि कधी. उत्तर त्यावरच फिरतं, गाठ तीच असली तरी.

ऑपरेशनचं मला दुसऱ्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला ओव्हरीचा गोल काढून समजावलं. नुसतं आतलं चॉकलेट ओढून घेतलं तर गाठ बहुतेक परत भरते, म्हणून तिची भिंत सोलून काढावी लागते. आणि भाजलेल्या वांग्याची साल काढताना थोडा गर लागून येतोच ना, तशी त्या भिंतीबरोबर चांगली ओव्हरीही थोडी जाते, म्हणजे अंड्यांचा साठा कमी होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी एएमएच (हा साठा किती आहे याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या, कोणी सांगितलं नाही तरी मागून घ्या. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा आधी एकदा ऑपरेशन झालेलं असेल तर अजूनच. ईश्रे म्हणून युरोपातली मूल होण्याच्या उपचारांवर काम करणारी डॉक्टरांची संस्था आहे, तिच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट म्हटलंय की आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) आधी केवळ रिझल्ट सुधारावा म्हणून अशी गाठ सरसकट काढू नका, आणि केवळ निदानासाठी दुर्बीण घालायलाच हवी असंही आता नाही. मावशीसाठी पण एक ओळ आहे त्यात, आजार बरा व्हावा एवढ्यासाठी प्रेग्नन्सीचा सल्ला देऊ नका म्हणून. ती मी तिला फॉरवर्ड केलीय, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही.

आता गोळ्या काही गोडगोड नाहीत. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिग्रॅ, रोज एकच वेळ. दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं, गाठ थोडी लहान होऊ शकते पण नाहीशी होईल अशी आशा नको. सुरुवातीला कधीही स्पॉटिंग, डोकं दुखणं, मूड तर विचारू नका (सासूबाईंना विचारा). गोळी बंद केली की दुखणं परत येऊ शकतं, आणि गोळी चालू असताना बाळासाठी प्रयत्न करता येत नाहीत. ज्यांना मूल इतक्यात नकोय त्यांच्यासाठी हार्मोनवाली कॉपर-टीसारखी मिरेना पण असते. महिन्याची इंजेक्शनं असतात ती तात्पुरता मेनोपॉज आणतात, गरम वाफा, हाडांवर परिणाम, त्यामुळे ती जास्त दिवस नुसती देत नाहीत. आणि गर्भपिशवी काढून टाकली की कटकट संपली हेही खरं नाही, तिच्याबाहेर चिकटलेलं हे अस्तर राहिलं तर दुखणं राहू शकतं.

मला पाळीत संडासला जाताना पण जबर कळ येते, हे मी लाजून कोणालाच सांगितलं नव्हतं. ते सांगितल्यावर लगेच एमआरआय सांगितला, कारण आतड्याला चिकटलं असेल तर ऑपरेशन कोण करतंय हाच मोठा प्रश्न होतो. माझं आतडं क्लिअर आलं. सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेसाठीही करतात ती रक्ततपासणी) वाढलेला आला तेव्हा मात्र रात्रभर रडले, सकाळी डॉक्टर म्हणाल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे अस्तर असं बाहेर वाढण्याच्या या आजारात, तो वाढतोच बऱ्याचदा, तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही, सोनोग्राफीत गाठ आतून कशी दिसते ते बघतात.

माझं ठरलंय असं. बाळाचा विचार पुढच्या वर्षी, तोपर्यंत गोळी, मध्ये मध्ये सोनोग्राफी. गाठ वाढली किंवा गोळीनेही दुखणं थांबलं नाही तर दुर्बीण, आणि तेव्हा ऑपरेशननंतर लगेच प्रयत्न करायचे नसतील तर परत गोळी, नाहीतर गाठ पुन्हा होण्याचा चान्स बराच असतो. तुमची पॉलिसी नवीन असेल तर आधीच वाचून घ्या, बऱ्याच मेडिक्लेममध्ये असल्या गाठींना दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, कॅशलेसच्या काउंटरवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

आणि एक, गाठ असताना एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या तर मेफ्टाल खाऊन पडून राहायचं नाही, ओव्हरीला पीळ बसलेला असू शकतो, ती इमर्जन्सी असते. नवऱ्याला सांगून ठेवलंय, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढायची.