नॉरॲड्रिनॅलिन उतरवताना: माझा अनुभव

६२ वर्षांच्या त्या बाईंना रात्री अकराच्या सुमारास आमच्या अतिदक्षता विभागात आणले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ७०/४० होता, पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारे लॅक्टेट ५.८ होते आणि उजव्या मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यामागे पू साचला होता. पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने सुमारे १८०० मिलिलिटर सलाइन, कल्चर पाठवून लगेच प्रतिजैविक, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढवणारे नॉरॲड्रिनॅलिन आणि त्याच रात्री युरोसर्जननी टाकलेला डीजे स्टेंट (अडलेली लघवी वाहू देणारी मूत्रवाहिनीतली नळी), असा सगळा क्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. पहाटेपर्यंत नॉरॲड्रिनॅलिन मिनिटाला किलोमागे ०.४ मायक्रोग्रॅमवर पोहोचले होते, जोडीला रक्तदाब चढवणारेच दुसरे औषध व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम चालू होते. त्यांच्या मुलाला मी "बीपी सपोर्टवर आहे" असे सांगितले. आमच्याकडे हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते, पण तो सपोर्ट काढायचा कसा, हे मला तोवर कोणी नीट शिकवले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी स्टेंटमधून लघवी स्वच्छ येऊ लागली, ताप उतरला, लॅक्टेट दोनच्या खाली आले आणि नॉरॲड्रिनॅलिन ०.१४ पर्यंत उतरले. रात्रपाळीला मी होते. सरासरी धमनीदाब, ज्याला आम्ही सगळे मॅप म्हणतो, ७२ होता. पूर्वीच्या विभागात दोन औषधांपैकी व्हॅसोप्रेसिन आधी बंद करण्याची पद्धत पाहिली होती, म्हणून मी ते ०.०३ वरून थेट बंद केले. अर्ध्या तासात मॅप ५८ वर आला. नॉरॲड्रिनॅलिनचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो. व्हॅसोप्रेसिनला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली दहा मिनिटे सगळे आलबेल दिसते आणि आपण दुसऱ्या खाटेकडे वळतो. मीही वळले होते.

सकाळी राउंडला मी झालेला प्रकार सांगितला. आमच्या वरिष्ठ मॅडम रागावल्या नाहीत, पण या प्रश्नावरचे अभ्यास वाचून मगच बोल, असे त्यांनी सुचवले. वाचल्यावर लक्षात आले की इथे एकवाक्यता नाही. जुन्या नोंदींवर आधारलेले अभ्यास व्हॅसोप्रेसिन आधी काढल्यास रक्तदाब अधिक वेळा पडतो असे सांगत होते, तर २०१८ साली दक्षिण कोरियातून प्रसिद्ध झालेल्या, ७८ रुग्णांच्या आणि मुदतीआधीच थांबवलेल्या चाचणीत नेमके उलटे दिसले होते: नॉरॲड्रिनॅलिन आधी उतरवलेल्या गटात सुमारे ६८ टक्के रुग्णांचा रक्तदाब पडला, व्हॅसोप्रेसिन आधी उतरवलेल्या गटात सुमारे २२ टक्के. माझे मत असे झाले की माझी चूक क्रमापेक्षा उडीची होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सुरू केलेले तेच व्हॅसोप्रेसिन दर तासाला मिनिटामागे ०.०१ युनिट असे कमी केले, त्या काळात नॉरॲड्रिनॅलिनला हात लावला नाही आणि दुपारपर्यंत ते सुखरूप बंद झाले.

पाचव्या दिवशी सकाळी नॉरॲड्रिनॅलिन ०.०४ वर होते. आमच्या ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध असते. ६० किलो वजनाला ०.०४ म्हणजे पंपावर तासाला १.८ मिलिलिटर. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) त्याच वाटेने थ्री-वेमधून, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या तिहेरी तोटीतून, तासाला ४० मिलिलिटर सलाइनही जात होते. बाईंच्या हातापायांवर सूज होती, म्हणून राउंड संपताच मी ते सलाइन बंद करायला सांगितले. पाच-सात मिनिटांत मॅप ७० वरून ५४ वर आला. वीनिंग, म्हणजे औषध उतरवणे, फसले असे धरून मी पंप ३ वर नेला, काही फरक पडला नाही, आणि मी नव्या जंतुसंसर्गाचा विचार करत एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची) तयारी करू लागले.

तेवढ्यात सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, सलाइन बंद केलंत ना आपण, म्हणून झालंय हे. थोडा वेळ थांबा, आता एकदम वर जाईल." त्यांचे म्हणणे मला कळायला वेळ लागला, पण हिशेब सरळ होता. थ्री-वेपासून शिरेपर्यंतच्या नळीत साधारण एक मिलिलिटर द्रव मावतो. सलाइन चालू असताना त्या नळीत औषध वीसपटीहून अधिक पातळ झालेले होते. सलाइन थांबताच हेच पातळ मिश्रण १.८ च्या संथ गतीने पुढे सरकू लागले, म्हणजे शुद्ध औषध शिरेपर्यंत पोहोचायला अर्धा तास लागणार होता आणि तोवर बाईंना ठरलेल्या मात्रेचा अगदी किरकोळ अंश मिळणार होता. पंप हिरवा दिवा दाखवत इमानेइतबारे चालत होता, पडद्यावर मात्राही बरोबर होती, फक्त औषध बाईंपर्यंत पोहोचत नव्हते. मी गती वाढवल्यामुळे पुढची अडचणही तयारच होती: नळी शुद्ध औषधाने भरली की ठरल्याच्या दीडपटीहून अधिक मात्रा आत जाणार. तसेच झाले. सिस्टर पंपाशेजारी उभ्याच होत्या; वरचा दाब १६८ वर जाताच त्यांनी गती पुन्हा १.८ वर आणली. त्या घाईत मी त्याच वाटेने एखादे इंजेक्शन ढकलले असते, तर नळीतले ८० मायक्रोग्रॅम औषध एका दमात हृदयात गेले असते.

त्या दिवसापासून आमच्या विभागात नॉरॲड्रिनॅलिनची वाट वेगळी ठेवतो, तिला चिठ्ठी लावतो आणि तिच्यातून दुसरे काहीही देत नाही. सोबत सलाइन लागलेच, तर औषध पूर्ण बंद होईपर्यंत त्याची गती कोणी बदलायची नाही.

एवढे होऊनही दुपारी मी सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम दिले. दोन तासांत ११०० मिलिलिटर लघवी झाली आणि रक्तदाब ८२/५२ झाला, नाडी ११८. या वेळी मात्र मी पंपाकडे धावले नाही. रक्तवाहिन्या सैल पडल्या असत्या तर खालचा आकडा अधिक कोसळला असता. इथे वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर आक्रसले होते, म्हणजे वाहिन्यांतला द्रवच कमी पडला होता. पाय उचलून धरताच वरचा दाब ९८ झाला, म्हणून २५० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट दिले आणि ०.०४ तसेच ठेवले. सूज दोन दिवस थांबू शकली असती, हे मॅडमनी सांगण्याआधीच मला कळले होते.

त्याच संध्याकाळी चादर बदलताना मावशींनी खाट खाली घेतली आणि मॅप अचानक आठने घसरला. धमनीतला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर सलाइनच्या स्टँडला बांधलेला होता. तो हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर वर राहिला की आकडा साधारण साडेसातने कमी दिसतो. आता तो आम्ही दंडाला, छातीच्या मध्यरेषेच्या उंचीवर पट्टीने बांधतो.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला, मुद्दाम उजेडात आणि सगळे हजर असताना, ०.०२ वरून औषध बंद केले. दिवसभर मॅप ६८ ते ७२ राहिला. रात्री बाई गाढ झोपल्या आणि आकडा ६१ वर आला. बाईंना जुना उच्च रक्तदाब होता, आणि अशा रुग्णांत मॅप ८० ते ८५ ठेवला तर मृत्यू घटत नसले तरी डायलिसिसची गरज कमी पडली, हे २०१४ च्या फ्रान्समधील चाचणीत मी वाचलेले होते, त्यामुळे पंप पुन्हा लावायला हात शिवशिवत होता. मी मॅडमना फोन केला. त्यांनी आकडा ऐकूनच घेतला नाही, "पाय गरम आहेत का, आणि तासाला लघवी किती?" एवढेच विचारले. पाय गरम होते, नख दाबून सोडल्यावर लाली दोन सेकंदांत परतत होती, लघवी तासाला ५० मिलिलिटर होती आणि लॅक्टेट १.३ आले. मी खुर्ची ओढून खाटेशेजारी बसले. पाचच्या सुमारास बाईंना जाग आली, त्यांनी पाणी मागितले आणि मॅप आपोआप ७० झाला.

हायड्रोकॉर्टिसोन त्यानंतरच थांबवले. तोंडावाटे मिडोड्रीन ही रक्तदाब वाढवणारी गोळी देऊन पंप लवकर काढण्याचा मोह काही ठिकाणी होतो. २०२० च्या चाचणीत त्याने वेळ वाचला नव्हता, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

आठव्या दिवशी वॉर्डात हलवताना बाईंनी पिशवीतून घरची पाकिटे काढली आणि विचारले, "बीपीची गोळी केव्हापासून घेऊ? आठ दिवस खाडा झालाय." मुलगा हसला. गोळी मी तेव्हा सुरू केली नाही. वॉर्डात सलग दोन दिवस १५० च्या वर दाब आल्यावर, निम्म्या मात्रेने दिली.